चौथ्याची जागा

१

इंजिनाला हात लावायच्या आधी कान लावायचा, ही बालाजीची जुनी सवय. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी दाबून धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. उदगीरजवळ मामाच्या गॅरेजात टू-स्ट्रोक मोटरसायकली खोलता खोलता लागलेली ही सवय दोह्यात आल्यावरही सुटली नव्हती. इंडस्ट्रियल एरियातल्या त्या गॅरेजात सगळे त्याला डॉक्टर म्हणून चिडवायचे, आणि एखादं इंजिन कोणाच्याच बापाला कळेनासं झालं की मुकाट्याने त्याच्यापुढे आणून ठेवायचे.

त्या दिवशी आणून ठेवलेलं दुखणं मात्र डॉक्टरनेही जन्मात पाहिलेलं नव्हतं. पुढे चाकांऐवजी दोन लांब पट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा, मोटरसायकलसारखं हँडल आणि दोघांना ऐसपैस बसता येईल अशी सीट. बर्फावर पळणारी गाडी! बाहेर पारा चाळिशीपार, हवा अशी दमट की अंगातला शर्ट दिवसभर ओलाच, आणि गॅरेजात बर्फगाडी. अल खोरकडच्या एका कतारी म्हाताऱ्याला जुन्या गाड्यांचा नाद होता. गॅरेजात सगळे त्याला अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचे. त्याने ती कुठल्याशा उत्तरेकडच्या देशातून आणवली होती. थंडीत कृत्रिम बर्फाच्या बंद हॉलमध्ये पाहुण्यांना तिच्यावर बसवायचं त्याच्या मनात होतं. पैसेवाल्याची हौस, तिच्यापुढे कोण बोलणार.

गाडी चालू व्हायची, पळायलाही तयार असायची. फक्त एका जागी उभी राहायची नाही. रेस सोडली की आवाज उतरायचा, आता बंद पडते असं वाटेपर्यंत उतरायचा, आणि मग कोणी हात न लावता पुन्हा चढायचा. चढला की आतला क्लच पकडायचा आणि गाडी आपणहून हातभर पुढे सरकायची. पाहुणे बसायच्या गाडीला हे चालणार नव्हतं.

"इसको आयडल पे खडी कर दे," फोरमन नसरुद्दीन म्हणाला. हा केरळचा, बोलायला कडक, मनाने बरा. "अरबाब को जबान दिया है मैंने. टू-स्ट्रोक तेरे सिवा किसको आता है? ये हो गया तो उसी दिन तेरी छुट्टी. इन्शाल्ला."

बालाजीला सुट्टी कालच हवी होती. तिकडे उदगीरला त्याच्या बायकोचे, दुर्गाचे दिवस भरत आले होते. पोटातल्या बाळाचे ठोके मधेच चढतात, मधेच उतरतात, लक्ष ठेवू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पहिल्या खेपेलाही असंच सांगितलं होतं, आणि विमानातून उतरून बालाजी गावात शिरला तेव्हा बाळाला माती देऊनही झाली होती. दुर्गा तेव्हा त्याच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. या खेपेला त्याने तिला शब्द दिला होता की काही झालं तरी मी आधी पोचतो.

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर आणायला गेला.

२

आधी त्याने सरळ साधे उपाय केले. गाडीला दोन कार्बोरेटर होते. दोन्ही खोलून धुतले, जेट फुंकून साफ केले, जुनं पेट्रोल काढून टाकलं, प्लग बदलले. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर चिरलं की इंजिन चोरून हवा ओढतं आणि असं वरखाली होतं. तो सगळ्या आजारांचा बाप, म्हणून त्याने रबरही बदललं. गाडी होती तशीच. उतरायची, चढायची, पुढे सरकायची.

मागचा पट्टा साफ करताना रबराच्या दातांमध्ये एक खडा अडकलेला सापडला. काळा, चपटा, नदीच्या पाण्याने झिजल्यासारखा गुळगुळीत. तो निघता निघेना, पकडीत धरून ओढावा लागला. हातात आला तेव्हा चांगला गार लागला. त्या उकाड्यात गार लागणारी वस्तू कोण टाकून देणार? बालाजीने तो पँटच्या खिशात ठेवला.

"हितं भट्टीत तिला थंडी कशी कळावी?" कासम म्हणाला. कासमभाई औशाचा, वेल्डर, बालाजीहून वयाने मोठा. अख्ख्या गॅरेजात ज्याच्याशी मराठीत बोलावं असा हा एकटाच. "कार्बोरेटर थंड हवेसाठी लावलेला असल की. थंडीत नेऊन बघ."

बोलणं शहाणपणाचं होतं. गल्लीच्या मागे गोठवलेल्या माशांचं कोल्ड स्टोरेज होतं आणि त्यातली एक खोली सध्या रिकामी होती. नसरुद्दीनने शब्द टाकला, परवानगी मिळाली. ट्रॉलीवर चढवलेली गाडी ढकलत तिघं निघाले. नसरुद्दीन पुढे, कासमभाई आणि बालाजी मागे.

गॅरेजच्या दारात बालाजी थांबला.

त्याची आई बायडाबाई तिघांना कधी एकत्र बाहेर पडू द्यायची नाही. बाजाराला असो, लग्नाला असो, तिघं दिसले की वाटेतला एखादा खडा उचलून कोणाच्या तरी हातात द्यायची. हा चौथा. काम झालं, माणसं घरी परतली की तो टाकून द्यायचा. बालाजीचा त्यावर विश्वास होता असं नाही, पण दुर्गाचे दिवस भरलेले असताना विश्वास नसलेल्या गोष्टीही माणूस करून टाकतो. खाली सगळं काँक्रीट होतं, खडा मिळेना. मग खिशातला आठवला. त्याने तो काढला आणि गाडीच्या सीटवर मागच्या बाजूला ठेवला.

"हा आपला चौथा," तो कासमभाईला म्हणाला, आणि नसरुद्दीनला हिंदीत समजावून सांगितलं.

"अच्छा!" नसरुद्दीन हसला. "इसका भी आयडी बनवाना पडेगा क्या? यल्ला, चलो."

३

खोलीच्या दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा होता. त्यातून आत जाताना पट्ट्या अंगावर लपलप आपटायच्या. नसरुद्दीन गेला, गाडी गेली, ती ढकलत दोघं गेले. पट्ट्या शांत झाल्या, आणि मग पुन्हा एकदा लपलपल्या. छतालगतच्या पंख्यांचा वारा असेल, बालाजीच्या मनात आलं. पंखे तर होतेच.

धूर बाहेर जावा म्हणून त्यांनी गाडीच्या नळीला दुसरी लांब नळी जोडून ती सांडपाण्याच्या भोकातून बाहेर काढली. बंद खोलीत इंजिन चालवणं म्हणजे जिवाशी खेळ, हे तिघांनाही माहीत होतं. दार अर्धं उघडं ठेवायचं, थोडा वेळ चालवायचं, बाहेर यायचं, असं ठरलं.

बालाजीने दोरी ओढली. इंजिन पेटलं, चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. गॅरेजात होतं तसंच. तो स्क्रू फिरवायला वाकला, आणि त्याचा हात पोचायच्या आधीच आवाज बसला. आजारी माणूस कूस बदलतो आणि एकदम झोप लागते, तसा. उतार नाही, चढ नाही. एकाच ठेक्यात इंजिन चालत राहिलं आणि गाडी तसूभरही सरकली नाही.

"देखा!" नसरुद्दीनने टाळी वाजवली. "ठंडी चाहिए थी उसको. खलास!"

बालाजीही हसला. मनातल्या मनात तो हैदराबादच्या विमानात बसलासुद्धा.

तिघं बाहेर आले तेव्हा कॅफेटेरियावाला नेपाळी चहा घेऊन आला होता. ट्रेमध्ये चार कप होते.

"तीन बोला था भाई," कासमभाई म्हणाला.

"चार आदमी गये ना अंदर?" नेपाळी म्हणाला. "एक तो अभी बैठा है."

त्याने पट्ट्यांच्या पडद्याकडे हनुवटीने दाखवलं, त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि ट्रे घेऊन परत गेला. त्याला दुसरीकडेही चहा पोचवायचा होता. चौथा कप कासमभाईने पिऊन टाकला. फुकटचा चहा तो कधी सोडत नसे.

४

दुपारनंतर बालाजी पुन्हा आत गेला. नीट चाललेल्या इंजिनाला छेडू नये हे खरं, पण का नीट चाललं ते कळल्याशिवाय त्याला चैन पडेना. थंडीने बरं झालं म्हणावं, तर सुरुवातीला थंडीतही वरखाली का होत होतं?

कासमभाई नळीच्या जोडापाशी उभा होता, नसरुद्दीन दारात. तिघांच्या तोंडातून वाफ निघत होती. कासमभाईची धापेची, तुटक. नसरुद्दीनची बोलण्याबरोबर. बालाजीने दोरी ओढली, इंजिन थोडं कुरकुरलं आणि ठेक्यात आलं. मग त्याला सीटच्या मागच्या भागावर, माणसाचं तोंड येईल इतक्या उंचीवर वाफेचा आणखी एक पुंजका दिसला. विरला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

नळीचा जोड गळत असेल. त्याने हात फिरवून पाहिला. जोड कोरडा आणि घट्ट होता, आणि सीटच्या त्या टोकापासून लांबही होता.

मग त्याने मेकॅनिकची शेवटची परीक्षा घेतली. दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडांवर दोन तळवे दाबून बसवले. हवा तोडली की इंजिन मरतं. चांगलं असो, वाईट असो, मरतंच. तळव्यांना ओढ जाणवली, कातडी आत खेचली गेली, आणि इंजिन चालत राहिलं. ठेका तोच. हवा दुसरीकडून येत असती तर इंजिन पिसाळलं असतं. हे शांत होतं. ते श्वास घेत होतं, फक्त त्याच्या हातांखालून नाही.

त्याने घाईघाईने स्क्रू ड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले. जुन्या इंजिनाला पोटात दहा दुखणी असतात. पिस्टन खडखडतो, बेअरिंग कण्हतं. इथे काही नव्हतं. नुसता ठेका, लांबून आल्यासारखा.

"बालाजी, बाहीर ये," कासमभाई ओरडला. "कामून मरूलालास? धूर डोक्यात जातो, म्हाईत नाही का? तोंड बघ कसं पांढरं पडलंय."

बाहेरच्या उकाड्यात आल्यावर त्याचं डोकं खरंच ठणकू लागलं. त्याला हायसं वाटलं. धूर डोक्यात गेला होता, मग तळवे नीट बसले नसतील, मग वाफही तशीच काहीतरी दिसली असेल. कारण सापडलं की माणसाला बरं वाटतं.

संध्याकाळी गाडी तिथेच ठेवून निघताना त्याने सीटवरचा खडा उचलून खिशात टाकला. वाटेत तो फेकायचा होता. बसमध्ये दुर्गाचा फोन आला आणि राहून गेलं.

"अवो, कवा येणार?" दुर्गाने विचारलं.

"गाडी बरी झाली. आता निघतोच बघ."

"आज त्यो ठोक्याचा आवाज आयकवला मला बाईंनी," ती म्हणाली. "पळतंय, थांबतंय, पुन्हा पळतंय. मला लई भ्या वाटूलालंय."

बालाजीने तिला धीर दिला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण खिशातल्या खड्यावर अंगठा घासतोय, आणि अंगठा बधिर झालाय.

५

सकाळी इंजिन पुन्हा वरखाली करू लागलं.

नसरुद्दीन चिडला. अरबाब दुसऱ्या दिवशी गाडी बघायला येणार होता. बालाजी हत्यारं घेऊन बसला. त्याने कार्बोरेटर पुन्हा खोलले, दोन्ही एकमेकांशी जुळवून घेतले, साबणाचं पाणी मारून कुठे बुडबुडा येतो का पाहिलं. कुठेच नाही. इंजिन चढत होतं, उतरत होतं, आणि त्याच्या छातीतही तेच चाललं होतं.

गॅरेजचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काल काय होतं, जे आज नाही?

खिशात हात घालायला त्याला वेळ लागला. स्वतःचीच लाज वाटत होती. कासमभाईची पाठ वळल्यावर त्याने खडा काढून सीटवर मागच्या बाजूला ठेवला.

आवाज बसला.

खडा उचलला. आवाज चढला, गाडी हातभर सरकली.

पुन्हा ठेवला. बसला.

वजनाचा परिणाम असेल म्हणून त्याने खड्याच्या जागी मोठा पाना ठेवला. काही नाही. रस्त्यावरून दुसरा दगड आणून ठेवला. काही नाही. तो काळा खडा ठेवला की मागचे स्प्रिंग कळेल न कळेल इतके दबायचे, कोणी पाय टाकून वर चढल्यासारखे, आणि मग इंजिन शांत व्हायचं. अख्ख्या गाडीवर बारीक बर्फाचा पांढुरका थर चढला होता. हँडलवर, काचेवर, सीटच्या पुढच्या भागावर. सीटचा मागचा भाग तेवढा काळा आणि कोरडा होता.

बालाजी रेस बघायला सीटवर बसला, आणि बसल्यावर त्याला दिसलं की आपण पार पुढे, हँडलला पोट लागेल असे बसलोय. कालही तो असाच बसला होता. सकाळी नसरुद्दीन बसला, तोही असाच. एवढी लांब सीट असून प्रत्येक जण मागे कोणीतरी डबलसीट असल्यासारखा पुढे सरकून बसत होता, आणि कोणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

तो उतरला आणि पाना आणायच्या निमित्ताने बाहेर पळाला.

६

परतताना तो पडद्याबाहेर थांबला. पट्ट्यांवर दव गोठलं होतं, आतलं सगळं अंधुक, पाण्यातून पाहिल्यासारखं. इंजिनाचा ठेका ऐकू येत होता. नळीपाशी कासमभाईचं पिवळं जॅकेट वाकलेलं दिसत होतं. आणि गाडीच्या सीटवर मागच्या बाजूला कोणीतरी ताठ बसलं होतं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. कंपनीच्या बसची वाट बघत माणसं बसतात, तसं. घाई नसलेलं, पण जायचं ठरलेलं.

"नसरुद्दीनभाई," बालाजीने हाक मारली, "उतरो जरा."

"क्या है?" नसरुद्दीनचा आवाज मागून, रस्त्यावरून आला. तो तिथे फोनवर बोलत उभा होता.

बालाजीने पट्ट्या बाजूला केल्या. सीट रिकामी होती. खडा जागच्या जागी होता.

"काय बघूलालास?" कासमभाईने विचारलं.

"काही नाही."

त्याने खडा उचलला, थेट मागच्या रिकाम्या मैदानात गेला आणि फेकायला हात मागे नेला.  गाडी बरी नाही झाली तर नाही झाली. अरबाबला सांगू, जमत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"बाळू, दुर्गीला दवाखान्यात ठिवून घेतलंय. आजउद्या बाळंतपण करतेत म्हनं." बायडाबाईचा आवाज घाबरलेला होता. "तू निघालास का नाही?"

बालाजी फोन कानाला लावून उभा राहिला. मागे खोलीतलं इंजिन चढलेलं, उतरलेलं ऐकू येत होतं. जमत नाही म्हटलं तर नसरुद्दीन दुसरी खटपट करायला लावणार, तिसरी करायला लावणार. तेवढ्यात तिकडे जे व्हायचं ते होऊन जाणार. पहिल्या खेपेसारखं.

"निघालोच माय," तो म्हणाला.

त्याने खडा सीटमागच्या छोट्या टूलबॉक्समध्ये, हत्यारांच्या खाली ठेवला आणि झाकण लावलं. कासमभाईने पाहिलं आणि मान डोलावली. त्याला ते श्रद्धेचं वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी अरबाब आला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, जाडजूड, हसरा म्हातारा. गाडी एका ठेक्यात उभी होती. तो बसला, पोट सावरत पार पुढे सरकला, आणि खूश होऊन बालाजीच्या खांद्यावर थाप मारली. बालाजीने नजर खाली ठेवली. या म्हाताऱ्याच्या मागे आपण काय बसवून देतोय हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. त्याला घरी जायचं होतं.

"मबरूक," नसरुद्दीनने बालाजीचं अभिनंदन केलं. "शाम की फ्लाइट है तेरी. मैं खुद छोडता हूँ."

७

नसरुद्दीनची जुनी डबल केबिन पिकअप थांबली की थडथडायची. सिग्नलला उभी राहिली की आरसे हलायचे, दारं वाजायची. तिला एकदा बघून देतो, असं बालाजी कधीपासून म्हणत होता.

पुढे नसरुद्दीन आणि कासमभाई, मागे बालाजी आणि त्याची बॅग. ऊन कलत होतं. एसी नावालाच होता, तिघंही घामाघूम होते. बालाजी जरा जरा वेळाने फोन बघत होता. मधेच नसरुद्दीनचा फोन वाजला. तो मल्याळीत, मग अरबीत बोलला आणि वैतागून फोन ठेवला.

"अरबाब का ड्रायव्हर. बोलता है गाडी उतारी और फिर से ऊपर नीचे चालू. सुबह तक तो घड़ी जैसी थी!" त्याने आरशातून बालाजीकडे पाहिलं. "तू जा, जा. आके देखना. बच्चा पहले."

बालाजीला त्याचे आभार मानायचे होते. पण पिकअप सिग्नलला थांबली होती आणि त्याचं लक्ष आरशांकडे गेलं. आरसे हलत नव्हते. दारं वाजत नव्हती.

"इंजन बंद हुआ क्या?" त्याने विचारलं.

"नहीं तो," नसरुद्दीन काट्याकडे बघून म्हणाला. "चालू है. अच्छा चल रही है आज."

बालाजी हळूच पुढे वाकला. "कासमभाई, त्या डब्यातला खडा…"

"आणलाय की!" कासमभाई मागे वळला. त्याचा चेहरा मायेने भरून आला होता. "गाडी ट्रेलरवर चढवताना काढून घेतला. म्हणलं आपुन तिघं निघणार, चौथा नको का? तुझ्या बॅगंत टाकलाय, वरच्याच कप्प्यात. आता घरी पोचून मगच टाक."

बालाजीने चेन उघडली. खड्याला हात लागताच बोटं आखडली. त्याने तो बाहेर काढला, काच खाली केली आणि हात बाहेर धरला. गरम वारा तळहातावर आला. सिग्नल सुटला होता, बाजूला वाळूचं मैदान लागलं होतं. आता सोडायचा, बस.

फोन वाजला. डाव्या हाताने त्याने तो कानाला लावला.

"बाळू," आई रडत होती. "ठोके पार उतरलेत रं. बाई धावपळ करूलालेत. हितं मशीन लावलंय, त्यात आयकू येतंय बघ. आयक, तुझ्या लेकराचं."

तिने फोन कशाजवळ तरी नेला. बालाजीने डोळे मिटले. आयुष्यभर त्याने एवढंच केलं होतं, कान लावून ऐकलं होतं. ठोका येत होता. चढत होता. मग उतरायचा, उतरत उतरत इतका लांब जायचा की आता येणारच नाही, आणि कसाबसा पुन्हा यायचा. त्याला हा आवाज ओळखीचा होता.

एका वेळी एकच गोष्ट.

त्याने उजवा हात आत घेतला.

ठोका बसला. एकसारखा, बारीक, पळता.

त्याने हात पुन्हा बाहेर काढला. ठोका उतरला, आणि तिकडे कोणीतरी बाई जोरात काहीतरी ओरडली. बालाजीचा हात आपोआप आत आला. त्याने मूठ घट्ट मिटून पोटाशी धरली.

"आले, आले!" आई म्हणाली. "नीट येऊलालेत म्हनतेत. देवानं आयकलं रं बाळू. तू ये लौकर."

"येतो माय," तो म्हणाला. आपण रडतोय हे त्याला गालावरचं पाणी ओठांशी आल्यावर कळलं. त्याने फोन ठेवला नाही, कानाशी तसाच धरला, आणि मूठ मिटलेल्या हाताच्या कोपराने बटण दाबून काच वर केली.

पुढे कासमभाई नसरुद्दीनला आनंदाने काहीतरी सांगत होता. मागची सीट कुरकुरली. बॅगेच्या पलीकडे, त्या घामट उकाड्यात, माणसाचं तोंड येईल इतक्या उंचीवर पांढऱ्या वाफेचा एक पुंजका आला आणि विरला.

थोड्या वेळाने पुन्हा आला.

बालाजीने तिकडे पाहिलं नाही. फोनमधला ठोका ऐकत त्याने बॅग उचलून मांडीवर घेतली, दाराकडे सरकला आणि त्याला नीट बसायला जागा करून दिली.